पाण्याचा सातबारा



वैशाखाच्या दिवसांत हिंगोलीत उभे राहून पुराविषयी बोलणे म्हणजे उपाशी माणसासमोर अजीर्णाची चिकित्सा करण्यासारखे आहे, असे आपल्यापैकी कोणी मनात म्हणत असेल, तर त्यात वावगे काही नाही. विहिरींनी तळ दाखविण्याचे हे दिवस. हंडे आणि टँकर यांच्या हिशोबात घर गुंतलेले असताना पुराची आठवण कोणाला होणार? तरीही आम्ही हाच विषय घेतला, त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, पुराचा विचार पुरात करता येत नाही. आषाढ-श्रावणात गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस फक्त घरातले धान्य आणि कागदपत्रे माळ्यावर टाकू शकतो. नाला रुंद करणे, मोरी मोकळी करणे, तलावाचा सांडवा तपासणे ही कामे या कोरड्या दिवसांतच व्हावयाची असतात. दुसरे कारण अधिक खोल आहे. आपल्या भागात दुष्काळ आणि पूर हे दोन वेगळे शत्रू नाहीत. ज्या पाण्याला थांबावयास जागा मिळाली नाही, तेच पाणी श्रावणात घरात शिरते आणि वैशाखात विहिरीत नसते. एकाच दुखण्याची ही दोन लक्षणे आहेत.

शहराचा पूर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई येते. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला. आपल्या जिल्ह्यात साऱ्या पावसाळ्यात मिळून साधारण आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका दिवसाची कल्पना येईल. तेव्हा आपण म्हणतो, हा मोठ्या शहरांचा आजार. आपले गाव ते केवढे! २०११ च्या जनगणनेत हिंगोली शहराची वस्ती पंच्याऐंशी हजारांच्या आसपास होती, आणि जिल्ह्यातील शंभर माणसांपैकी जेमतेम पंधरा माणसे शहरांत राहत होती. एवढ्याशा शहरांनी पुराच्या व्यवस्थापनाची भाषा कशाला करावी? आमचे म्हणणे नेमके उलट आहे. ही भाषा करावयाची वेळ लहान शहरांचीच आहे. मुंबईला आज एक नाला रुंद करावयाचा तर शेकडो घरे, दुकाने आणि न्यायालयातील दावे आडवे येतात. लहान शहराच्या कडेला तोच नाला अजून शेताच्या बांधातून वाहतो आहे. त्याची जागा राखावयास आज एक नोंद पुरते. वीस वर्षांनी कोट्यवधी रुपयेही पुरणार नाहीत.

आपल्या भागातले पूर दोन जातींचे आहेत. एक नदीचा पूर. उत्तरेस पैनगंगा, दक्षिणेस पूर्णा, आणि मध्ये आपली कयाधू, जिच्या काठी हिंगोली वसली आणि नर्सी नामदेवही वसले. पैनगंगेवर इसापूरचे धरण आहे. पूर्णेवर यलदरी आणि सिद्धेश्वर आहेत. या धरणांची दारे उघडली की खालच्या गावांना पाण्याची भीती असते. पण निदान तेथे दार आहे, दारावर अधिकारी आहे, पाणी सोडण्यापूर्वी इशारा देण्याची रीत आहे. दुसरी जात नाल्याच्या पुराची. या नाल्यावर धरण नाही, दार नाही, मोजपट्टी नाही. पुष्कळदा त्याला नावसुद्धा नाही. उन्हाळ्यात त्याच्यात जनावरे चरतात, मुले खेळतात, कोणी कचरा टाकतो, कोणी विटांचा ढीग लावतो. आणि एखाद्या रात्री डोंगराकडे ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की दोन तासांत तो नाला नदी होऊन दारात उभा राहतो.

जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंद्याने हे पाहिले. एका रात्रीच्या पावसाने आसना नदी फुगली आणि पाणी गावात शिरले. कुरुंदा काही शहर नव्हे, पण बाजारपेठेचे मोठे गाव आहे. गोदावरी किंवा पैनगंगा यांच्यासारखा या नदीचा लौकिक नाही, परंतु संसार वाहून न्यावयास लौकिकाची गरज लागत नाही. पुढे सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दिवसांत हिंगोली, परभणी, नांदेड या तिन्ही जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तर ज्या मराठवाड्याचे नाव दुष्काळाशी जोडलेले, त्याच मराठवाड्याच्या मोठ्या भागात पुराने हाहाकार उडविला. हवामानाचे शास्त्रज्ञ सांगतात की तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि ते थोड्या वेळात ओतते. म्हणजे वर्षाचा पाऊस तेवढाच राहिला तरी तो येण्याची रीत बदलते. रिमझिम आठ दिवस पडणारे पाणी एका रात्रीत पडले, तर आकडा तोच राहतो, परिणाम मात्र तो राहत नाही.

आता थोडा हिशोब करू. तो शाळेतल्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की आपल्याकडे अतिवृष्टी म्हणतात. आपण सोयीसाठी शंभर मिलिमीटर, म्हणजे चार बोटांएवढे पाणी धरू. एक गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर. एका गुंठ्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. म्हणजे आपल्या परिचयाचा एक भरलेला टँकर! एका एकरावर असे चाळीस टँकर. ज्या टँकरसाठी आपण वैशाखात रांगा लावतो, तो दर गुंठ्यावर एका रात्रीत आभाळातून रिता होतो.

एकरभर शेत असताना या चाळीस टँकरांचे काय होत असे? उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते. पहिले पाऊस त्या भेगांतून खोल जातात. पुढे माती फुगते, भेगा मिटतात, आणि पाणी वाहू लागते. तरीही बांध असतो, ताली असतात, गवत असते, सखल कोपऱ्यात डबके असते. पाणी निघते, पण रेंगाळत निघते. त्याच शेताचे अकृषिक भूखंड पडले, घरे झाली, अंगणाला फरशी आली, गल्लीला सिमेंटचा रस्ता आला, म्हणजे चाळीसांपैकी तीस-पस्तीस टँकर थेट नालीत उतरतात, आणि तेही सगळे एकदम. नाली मात्र वरच्या शेतकऱ्याने पूर्वी खणलेल्या चरीएवढीच राहते. बहुधा तिच्याहूनही अरुंद होते. ढगाने पाठविले त्यात फरक नाही. ते स्वीकारणारी जमीन बदलली आहे.

आणि वाट? तिच्यावर तर आपण चहूकडून चाल करून गेलो आहोत. कोठे नाल्याच्या काठावर भिंत पुढे सरकते, कोठे नाला पाइपात घालून वर रस्ता करतात. हे पाइप घालणारे एक साधे गणित विसरतात. निम्म्या व्यासाच्या नळातून निम्मे पाणी जात नाही. उतार तोच असेल तर जेमतेम सहावा हिस्सा जाते. बारा फुटी नाल्याला तीन फुटी नळ लावून काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळेल, पण पाणी दाखला वाचत नाही. कोठे रस्त्याचा, कोठे रेल्वेचा भराव उंच होतो. गाडीच्या दृष्टीने तो रस्ता. पाण्याच्या दृष्टीने ते धरण असते. भरावाखालची मोरी गाळाने, पिशव्यांनी आणि बाटल्यांनी बुजली, म्हणजे त्या धरणाला सांडवाही उरत नाही, आणि वरची वस्ती त्याचे जलाशय बनते.

मोठ्या शहरांनी हे धडे फार महाग विकत घेतले आहेत. मुंबईच्या जुन्या भागातील गटारे तासाला पंचवीस मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने, तीही समुद्राला ओहोटी असताना, बांधलेली होती. २००५ च्या प्रलयानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, आणि जिला लोक नाला म्हणत होते ती मिठी ही नदी आहे, याची लाखो मुंबईकरांना प्रथमच ओळख झाली. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडले त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरदेखील पडले नव्हते. एकाच शहराच्या दोन टोकांत एवढे अंतर! म्हणूनच जिल्ह्याच्या सरासरीवर विसंबून गावाचे रक्षण होत नाही. पाऊस आपल्या अंगणात मोजावा लागतो.

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने माणसे नेली. हा ओढा पेशवाईत नानासाहेबांनी वळविला होता; म्हणजे शहराने त्याला अडीचशे वर्षांपूर्वी हात लावला आणि नंतर पिढ्यान्‌पिढ्या त्याचे अंग आवळत नेले. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ ला एका रात्रीत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठची घरे बुडाली. सांडव्यापुढील वाटेत उभ्या राहिलेल्या बांधकामांचा वाद पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला. तलावाची भिंत आपण पाहतो, तिच्यावर फिरावयास जातो, तेथे दिवे लावतो, त्याला सुशोभीकरण म्हणतो. पण तलावाचा प्राण त्याच्या दोन दारांत असतो. एक पाणी येण्याचे, दुसरे जाण्याचे. येण्याचे दार बुजले तर तलाव सुकतो आणि जाण्याचे बुजले तर तो शेजाऱ्यांवर उलटतो. हिंगोलीला जलेश्वर तलावासारखे धन वाडवडिलांकडून मिळाले आहे. अशा तलावाच्या काठाला किती शोभा आली, यापेक्षा ही दोन दारे मोकळी आहेत काय, हा प्रश्न नागरिकांनी आधी विचारला पाहिजे.

आता आपल्या जुन्या राजधानीची गोष्ट सांगतो. हिंगोली १९४८ पर्यंत निजामी राज्यात होती, तेव्हा हैदराबादचा इतिहास हा आपलाही इतिहास आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबाद बुडविले. पंधरा हजारांच्या आसपास माणसे गेली, असा अंदाज सांगतात. अफजलगंजच्या इस्पितळाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर दीडशेच्या सुमारास माणसे चढून वाचली; ते झाड अजून लोक दाखवितात. त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलाविले. मुंबई इलाख्यात नोकरी करून, खडकवासल्याला आपली स्वयंचलित दारे बसवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी आधी काय केले? भिंत बांधा, असे सांगण्यापूर्वी त्यांनी हिशोब मागितला. शहराच्या वर नदीच्या खोऱ्यात लहानमोठे किती तलाव आहेत, ते मोजले. ते साडेसातशेहून अधिक होते, आणि त्यांतील दोनशेहून अधिक त्या पावसात फुटले होते. एक फुटला, त्याने खालचा फोडला, त्याने त्याच्या खालचा. आणि ही सारी बेरीज शहरावर येऊन आदळली.

विश्वेश्वरय्यांचा इलाज दोन वाक्यांत सांगता येतो. पाणी शहराच्या वर अडवा. आणि शहरातून जाताना त्याला मोकळी वाट द्या. या सल्ल्यातून पुढे मुसीवर उस्मानसागर आणि ईसी या तिच्या उपनदीवर हिमायतसागर झाले. पहिला १९२० मध्ये, दुसरा १९२७ मध्ये. ज्या धरणांनी पूर थोपविला त्यांनीच शहराला प्यावयास पाणी दिले. दुष्काळ आणि पूर यांचे औषध एकच असू शकते, याचा याहून मोठा दाखला कोणता? परंतु गोष्ट येथे संपत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच हैदराबादेत पुन्हा वस्त्या बुडाल्या, डझनावारी माणसे गेली. मोठी धरणे होतीच. पण शहरातले आणि भोवतालचे जुने तलाव, त्यांना एकमेकांशी जोडणारे नाले यांच्या पोटात आणि काठांवर मधल्या काळात घरे उठली होती. म्हणजे एका पिढीने केलेले शहाणपण दुसऱ्या पिढीला आपोआप मिळत नाही. धरणाची नोंद सरकारदरबारी राहते. लहान तलावाची आणि नाल्याची नोंद कोणी ठेवत नाही, म्हणून ती जागा प्रथम डोळ्यांआड होते आणि नंतर नाहीशी होते.

आमचे आजचे मुख्य म्हणणे येथे येते. आपल्या मुलखात जमिनीच्या एका हातासाठी भावाभावांत फौजदारी होते. सातबाऱ्यावर प्रत्येक गुंठ्याला धनी आहे. धनी नाही तो फक्त पाण्याला. वस्तुतः जुन्या महसुली कागदांत पाण्याची जागा लिहिलेली आहे. गावनकाशावर नाले दाखविलेले आहेत. पोटखराब्यात ओढ्याचे क्षेत्र मांडलेले आहे. पण शेताचे भूखंड पडताना कागदावरची ती बारीक रेघ कोणाच्याच हिताची नसते. विकणाऱ्याला ती नको, घेणाऱ्याला तिचा पत्ता नाही, आणि मंजुरी देणाऱ्याला ती अडचण वाटते. सात-बारा असलेली माणसे बोलतात. सात-बारा नसलेले पाणी गप्प राहते, आणि मग एके रात्री आपला ताबा स्वतःच घेते.

अशा वेळी बुडते कोण, हाही प्रश्न स्पष्टपणे मांडला पाहिजे. नाल्याच्या काठची जमीन स्वस्त, म्हणून तेथे हमाल, मजूर, विटभट्टीवरून परतलेले कुटुंब, खेड्यातले शेत मोडून आलेला माणूस राहतो. पूर आला की त्याचे घर जाते, आणि पूर ओसरला की अतिक्रमण म्हणून पुन्हा त्याच्याच घरावर यंत्र येते. पुण्यातल्या आंबिल ओढ्याकाठी जून २०२१ मध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडाशी, झोपड्या पाडण्यावरून केवढा संघर्ष झाला, हे पुष्कळांना आठवत असेल. पाण्याची वाट मोकळी झाली पाहिजे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. पण अतिक्रमणे दोन प्रकारची असतात. एक पत्र्याचे, दुसरे मंजूर नकाशाचे. पहिल्याला भीतीने रात्री झोप नसते. दुसऱ्याला शिक्का असतो. पत्र्याचे घर पाण्याला आडवे येते ते वीतभर. नाल्यावर टाकलेली पक्की इमारत, उंच भराव, आखूड मोरी ही आडवी येतात ती पुरुषभर. तेव्हा न्यायाचा क्रम असा असावा: आधी मोठे अडथळे काढावेत, मग लहान, आधी पर्यायी जागा द्यावी, मग घर हलवावे, आणि पावसाळ्यात कोणालाही उघड्यावर आणू नये. ज्या शहराने आपली गरीब वस्ती सखल भागात लोटली, त्याने कितीही गटारे बांधली तरी ते सुरक्षित झाले, असे आम्ही म्हणणार नाही.

कोणी विचारील, मग करावे काय? आम्ही अशी कामे सांगतो, ज्यांना परदेशी तज्ज्ञ लागत नाहीत आणि ज्यांतली पुष्कळशी आपल्या नगरपरिषदेच्या आवाक्यात आहेत.

पहिले काम पाण्याच्या सातबाऱ्याचे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, यांपैकी प्रत्येक ठिकाणी जुना गावनकाशा काढावा, शाळा-महाविद्यालयांची मुले आणि म्हातारी माणसे बरोबर घ्यावीत, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी कोठून येते, कोठे थांबते, कोठून जाते हे पायी फिरून लिहून काढावे. प्रत्येक नाल्याला नाव, लांबी, मूळ रुंदी, आजची रुंदी आणि त्यावरच्या मोऱ्यांची संख्या लिहावी. ही वही नगरपरिषदेच्या दारात टांगावी. नकाशा कपाटात राहिला की त्याला वाळवी लागते. भिंतीवर राहिला की त्याला साक्षीदार मिळतात.

दुसरे काम रेषांचे. आपल्या राज्यात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखण्याची पद्धत आहे. साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकाम नको, निळी-लालच्या मध्ये ते बंधने घालून. या शब्दांनी लोकांचा एक गैरसमज होतो. शंभर वर्षांतला पूर म्हणजे तो आपल्या नातवांच्या वेळी येईल, असे नव्हे. दरवर्षी त्याची शक्यता शंभरात एक असते. तीस वर्षांचे कर्ज काढून लाल रेषेवर घर बांधणाऱ्याला ते कर्ज फिटण्यापूर्वी तो पूर गाठण्याची शक्यता चारात एक आहे. नदीला जशा या रेषा, तशाच ठळक रेषा शहरातल्या नाल्यांनाही असाव्यात, आणि त्या दगड रोवून जमिनीवर दाखवाव्यात.

तिसरे काम पाणी वर थोपविण्याचे. कयाधू वाशीम जिल्ह्यात उगम पावून आपल्याकडे येते. तिच्या उगमापासूनच्या उतारांवर समतल चर, बांध, गाळ काढलेले तलाव, झाडे-झुडपे यांनी जेवढे पाणी जिरेल, तेवढे हिंगोलीच्या वस्तीवर एकदम येणार नाही, आणि वैशाखात विहिरींना आधारही होईल. शहराचा पूर शहराच्या हद्दीत सुरू होत नसतो. म्हणून शेतकरी आणि शहरवासी यांनी एका खोऱ्याचे कुटुंब म्हणून वागले पाहिजे. शहरातही नव्या वसाहतीत नियमाप्रमाणे जी दहा टक्के मोकळी जागा सोडावयाची, ती बहुधा कोठल्या तरी निरुपयोगी कोपऱ्यात सोडतात. ती सर्वांत सखल जागी घ्यावी. उन्हाळ्यात तेथे मुलांनी खेळावे, पावसात दोन दिवस पाण्याने राहावे. छपराचे पाणी विहिरीत आणि कूपनलिकेजवळच्या खड्ड्यात मुरवावे.

चौथे काम सूचनेचे. वरच्या गावातल्या शाळेत पर्जन्यमापक असावा, आणि ठरावीक आकडा ओलांडला की खालच्या वस्तीला दूरध्वनी, भोंगा, देवळाचा आणि मशिदीचा ध्वनिक्षेपक यांवरून वर्दी जावी. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ मध्ये झाला. जिल्ह्याचे प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. तेथून येणारा संदेश शेवटच्या गल्लीपर्यंत कोण नेणार, हे मात्र गल्लीनेच ठरवावयाचे आहे. अंथरुणाला खिळलेले म्हातारे कोणाकडे, दिवस भरलेली बाई कोणाकडे, त्यांना उचलणारे चार हात कोणाचे, हे ज्येष्ठातच ठरलेले असावे. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत व्हावयाची. आसऱ्यासाठी नेमलेली शाळा स्वतःच सखल जागी नाही ना, दवाखान्याची औषधे आणि विजेचे यंत्र तळमजल्यावर नाहीत ना, हेही पाहून ठेवावे.

यावर दोन आक्षेप येतील. एक पैशाचा. त्याला आमचे उत्तर असे की, मोरीचा गाळ वैशाखात काढण्याचा खर्च आणि तीच मोरी तुंबल्यावर रस्ता, घरे, धान्य, पंचनामे आणि मदत यांचा खर्च, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडावेत. मग कोणता परवडतो ते ठरवावे. दुसरा आक्षेप असा की, एवढे करूनही पूर येणारच नाही काय? येईल. चीनने पाणी शोषणारी शहरे बांधण्याची मोठी योजना आखली. त्या योजनेतल्या झेंगझोऊ शहरात २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला आणि भुयारी रेल्वेत माणसे बुडाली. माणसाच्या तयारीला मर्यादा आहे. म्हणून नेदरलँड्सने निराळा विचार केला. शेकडो वर्षे बांध उंच करणाऱ्या त्या देशाने १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर नद्यांना जागा परत द्यावयास सुरुवात केली. नायमेखेन शहरासमोर वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे घेतला, नवा प्रवाह खणला. त्यासाठी काही घरे हलवावी लागली. पण ती आधी बोलून, मोबदला देऊन हलविली. आपल्या प्रमाणात, आपल्या खर्चात हीच गोष्ट एका नाल्यापुरती करता येईल. चिवट शहर म्हणजे ज्याला पूर कधी येत नाही ते नव्हे. पूर आला तरी ज्याची माणसे वाचतात, ज्याचा दवाखाना चालू राहतो, आणि जे आठ दिवसांत पुन्हा कामाला लागते, ते.

श्रोतेहो, हिंगोली १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाली. जिल्ह्याचे ठिकाण झाले की कचेऱ्या येतात, वसाहती वाढतात, रस्ते रुंदावतात, जमिनीला भाव येतो. हे व्हावयाचेच, आणि ते व्हावे. पण भाव आलेल्या जमिनीत पाण्याचा हिस्सा ठेवण्याची बुद्धी बाजाराला नसते. ती नागरिकांना ठेवावी लागते. मृगाला अजून थोडे दिवस आहेत. या दिवसांत आपल्या घराजवळचा नाला कोठून येतो आणि कोठे जातो, एवढे प्रत्येकाने चालत जाऊन पाहावे. वाटेत तो जेथे अडलेला दिसेल तेथे कोणी अडविला आणि कोणी मंजुरी दिली, हे नगरपरिषदेला लेखी विचारावे. उत्तर मिळेपर्यंत विचारावे.